ज्येष्ठा मागच्या सीटवर

बाळांनो, रविवारी फोनवर तुम्ही उत्साहाने सांगितलंत की बाबाने जुनी सेडान देऊन टाकली आणि नवी उंच गाडी आणली, तिच्यात चढायला पायरीसुद्धा आहे. मी छान म्हणून फोन ठेवला, पण तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. साताऱ्याच्या आपल्या घरापुढे त्या सेडानच्याच अमेरिकन कंपनीची गाडी उभी आहे, तुमच्या सेडानची थोरली बहीण म्हणावी अशी. गेल्या महिन्यात आरटीओत तिचं पासिंग होतं. ती नापास झाली असती तर काय अडलं असतं, हे तुमच्या बाबालाही नीट माहीत नाही. अक्का आत झोपली आहे, तेवढ्यात लिहून काढते.

अक्का म्हणजे सांगलीची माझी मोठी बहीण. आम्हाला भाऊ नाही, म्हणून आईच्या गौरींचे दोन मुखवटे आम्हा दोघींकडे आले. ज्येष्ठा तिच्याकडे, कनिष्ठा माझ्याकडे. दर भाद्रपदात ती आपली गौर मांडीवर घेऊन इथे येते आणि दोघी शेजारी उभ्या राहतात. मागच्या वर्षी अक्काच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं की सीट चढावी लागेल इतकी उंच नको आणि गुडघे कमरेच्या वर येतील इतकी खालीही नको. तिच्या मुलाच्या जीपपुढे ती उभी राहिली, पायरीकडे पाहिलं आणि घरात परत गेली. आपल्या गाडीत मात्र तिला पाठमोरं बसून मग पाय आत घेता यायचे.

ही गाडी तुमच्या आजोबांनी फौजेतून निवृत्त झाल्यावर घेतली. लांबलचक डिकी, मागे तिघांना ऐसपैस जागा, मध्ये खाली ओढायचा हातटेका, आणि माण तालुक्यातल्या उन्हाळ्यालाही दाद न देणारा एसी. पुढे सिगारेट पेटवायची सोय होती आणि राखेसाठी कप्पाही. आजोबा विडीलाही न शिवणारे, त्यांनी त्यात बडीशेप भरली. ती अजूनही तिथेच असते.

तुमच्याकडे अमेरिकेत आले होते तेव्हा तुमच्या शेजारच्या आजोबांनी त्यांची जुनी गाडी मला दाखवली होती, आठवतं? तिला पुढे एकच सलग कोच होता आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. पुढच्या सीटवरही तिघं बसायची. नंतरच्या गाड्यांत पुढच्या सीटा वेगळ्या झाल्या. इंजिन पुढचीच चाकं ओढू लागलं, तसा गाडीच्या तळाचा मधला उंचवटा सपाट झाला आणि मागे मध्ये बसणाऱ्याला पाय ठेवायला जागा मिळाली. पुढे पट्टे आले, हवेच्या पिशव्या आल्या. तुमच्या सेडानमध्ये तर मागचं दाखवणारा कॅमेराच होता. प्रत्येक नव्या गाडीचं छत मात्र थोडं खाली आणि दारं थोडी जाड. आता म्हणे कंपनी अशा गाड्या काढतच नाही, लोकांना उंचावर बसायचं असतं. आपल्या देशातून तर ती कंपनी कधीच गेली. सुटे भाग आम्ही भंगारातून शोधतो.

या गाडीला आपल्या रस्त्यांची सवय कधीच झाली नाही. दहिवडीला जाताना प्रत्येक गावात गतिरोधक, आणि पाचजण बसले की गाडीचं पोट घासायचं. मग आजोबा हुकूम सोडायचे आणि चालवणारा सोडून सगळे खाली उतरायचे. तुमचा बाबा डब्यांची पिशवी घेऊन गतिरोधक पायी ओलांडायचा आणि पलीकडे पुन्हा गाडीत बसायचा. लोक हसायचे. शेवटी मेकॅनिकने स्प्रिंगच्या वेढ्यांत रबराचे जाड तुकडे बसवले आणि गाडी दोन बोटं वर आली. वर्षानुवर्षांनी तीच दोन बोटं अक्काच्या खुब्याला जुळली.

पासिंगला इन्स्पेक्टर खाली वाकले, टॉर्च मारला आणि सभ्यपणे म्हणाले, मूळ रचनेत बदल चालणार नाही, रबर काढून आणा.

आजोबांनी त्यांना ऐकवलं, "सायेब, तुमी रस्ता मूळ उंचीवर आना, मी गाडी आनतो."

इन्स्पेक्टर हसले, पण सही केली नाही. रबर काढलं, गाडी पुन्हा नेली, पास झाली. सही झाल्यावर ते गुपचूप परत बसवणं आजोबांच्या फौजी शिस्तीत बसत नव्हतं. आणि अक्काची सीट दोन बोटं खाली गेली.

त्यानंतर मी घरात नुसती येरझारा घालत होते. गाडीत जाऊन बसायची, गुडघ्यांकडे बघायची, उतरायची. तुमच्या बाबाने सुचवलं की मुखवटा कुरिअरने मागव आणि अक्काला व्हिडिओवर दाखव. मी ते अक्काला फोनवर सांगितलं.

"ज्येष्ठेनं डब्यात बसून यायचं असेल," ती म्हणाली, "तर कनिष्ठेनं एकटीनं उभं राहावं."

मी गादीवाल्याकडून घट्ट कापसाची चौकोनी बैठक शिवून घेतली. सांगलीला अक्का तिच्यावर बसली आणि बैठक दबली. गुडघे वर आले. ती चेहऱ्यावर काही न दाखवता उतरायला लागली. तेव्हा मी तिच्याच स्वयंपाकघरातून जेवणाचा पाट आणला, सीटवर ठेवला आणि बैठक त्यावर घातली. ती पुन्हा बसली. पट्टा लागला. मांडीवर लाल फडक्यात ज्येष्ठा.

"पाटावर बसवलंस," ती म्हणाली, "आता वाढ काहीतरी." मी तिला पुढच्या कप्प्यातली बडीशेप दिली.

हायवेचे ट्रक नकोत म्हणून आम्ही विट्यावरून साताऱ्याला निघालो. गाडी मीच चालवते, आजोबांना आता लांबचं दिसत नाही. एका गावात स्टँडसमोर मोठा गतिरोधक आला. आजोबा न सांगता काठी घेऊन उतरले. अक्काला उतरवणं शक्य नव्हतं. मी नुसती थांबून राहिले. मागे हॉर्न वाजायला लागले.

स्टँडवरचा एक माणूस काचेपाशी आला. "आवं आजी, सरळ नगा घालू. तिरकी काडा. लय खाली हाय गाडी."

मी तिरकी घेतली. एकेक चाक वर गेलं, उतरलं, आणि शेवटी खालून खरवडल्याचा लांब आवाज आला. आरशात पाहिलं तर अक्काने दोन्ही हात मुखवट्यावर धरले होते. पलीकडे आजोबा गाडीत बसले आणि म्हणाले, सायलेन्सर बोलाय लागलाय.

तो अजून बोलतो आहे. सध्या तारेने बांधला आहे. उद्या गौरींचं विसर्जन आणि परवा अक्काला त्याच रस्त्याने परत न्यायचं आहे. हे लिहिताना मी दोनदा अंगणात जाऊन वाकून ती तार पाहून आले.

दोन्ही मुखवटे आत शेजारी उभे आहेत. पाट सीटवरच आहे. गाडी अजून चालते आणि अक्काला तिच्यात बसता येतं.