सुदाम प्यायलेला नव्हता

ठेकेदारानं बूटपॉलिशची डबी उघडली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, “अरे, इसको तो कम लगेगी. आधी डिब्बी बच गई.”

तंबूतले सगळे हसले. मीही हसलो.

गाझियाबादच्या मैदानावर कुस्तीचा शो होता. आखाड्यातली कुस्ती नव्हे. तिकीट लावून, रिंग बांधून, कोण हरणार ते आधी ठरवून खेळायची कुस्ती. आमचे वडील दिल्लीत सरकारी कचेरीत शिपाई. सरोजिनी नगरच्या एका खोलीत आम्ही वाढलो. पहाडगंजच्या मराठी शाळेत मी कविता पाठ म्हणायचो, गुरुजी मला पुढे उभं करायचे. ठेकेदारानं माझं नाव ‘जंगली’ ठेवलं. जंगली बोलत नाही, गुरगुरतो. शोच्या आवारात कुणासमोर तोंडातून शब्द काढायचा नाही, ही त्याची अट.

एकदा एक मराठी कुटुंब माझ्यासोबत फोटो काढायला आलं. बाई नवऱ्याला म्हणाली, “अहो, बाळाला फार जवळ नका नेऊ. ह्या लोकांच्या अंगाला वास येतो.”

वास पॉलिशचा होता. मराठीत सांगता आलं असतं. मी गुरगुरलो. बाळ टाळ्या पिटत राहिलं.

जिंकायचा नेहमी कुंवर. हे त्याचं रिंगमधलं नाव. गोरा, बड्या जमीनदाराचा मुलगा. शेवटी तो मला डोक्यावर उचलायचा आणि आपटायचा. लोक म्हणायचे, काय ताकद आहे. ह्या खेळात उचलणारा उचलत नाही. पडणारा स्वतः उडतो. उचलणाऱ्यानं फक्त हात मध्येच सोडायचे नाहीत, एवढंच. मी वर्षानुवर्षं उडालो आणि कुंवरची ताकद झालो.

मग माझा गुडघा गेला. माझ्या जागी मी माझा धाकटा भाऊ दिला. सुदाम.

मीच त्याला शिकवलं. क्वार्टरच्या गच्चीवर गादी टाकून. तो हसरा होता. रंग लावताना ठेकेदारालाच म्हणायचा, “साहब, कान के पीछे भी लगाओ, नहीं तो आदमी निकल आएगा.” लग्नाआधी तो प्यायचा. लग्नात बायकोसोबत पंचशील घेतलं आणि दारू सोडली. परत तिला शिवला नाही.

फरीदाबादच्या शोला मी रिंगच्या कडेला उभा होतो. कुंवर रिंगमध्ये चढला तेव्हाच त्याच्या तोंडाचा वास मला आला. डोळे लाल. मी ठेकेदाराकडे पाहिलं. त्यानं मान फिरवली. मी गप्प बसलो.

सुदाम बरोबर उडाला. मी शिकवलं होतं तसाच. कुंवरचे हात मध्येच सुटले. सुदाम मानेवर पडला.

लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. त्यांना तो खेळ वाटला.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात ठेकेदार माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “कुंवर का नाम आया तो सबकी रोटी गई. तेरी भी. बोल दे, पिया हुआ था. तुम लोगों में तो चलता है, कौन पूछेगा?”

खरंच कुणी विचारलं नाही. चौकीतल्या हवालदारानं वरही पाहिलं नाही. “पीके चढ़ा था ना?” त्यानं विचारलं आणि उत्तराआधीच लिहायला लागला. त्यांच्याकडे ते खोटं आधीपासून तयार होतं. फक्त माझी मान हलायची बाकी होती.

मी हलवली. खाली सही केली.

सुदाम शुद्धीवर न येताच गेला. पाचवं शील त्यानं मरेपर्यंत पाळलं. चौथं, खोटं न बोलण्याचं, मी मोडलं. त्याच्या बायकोनं, कुसुमनं, मला एकच विचारलं, “दादा, खरंच प्यायले होते?” मी म्हणालो, “हो.” थोरल्या दिराचा शब्द. तिनं मानला. तिच्या कडेवर प्रज्ञा होती.

पुढल्या शोला ठेकेदारानं मलाच परत बोलावलं. गुडघ्याला पट्टा बांधून मी गेलो. रंग लावून घेतला. शेवटी कुंवरनं माझ्या कमरेला हात घातला, आणि मी उडालो नाही. नुसता उभा राहिलो. तो खेचतोय, पाय रोवतोय, धापा टाकतोय. कानाशी कुजबुजला, “उछल ना, यार. उछल.”

मी मोठ्यानं म्हणालो, “उठा. दम है तो उठा.”

मैदान आधी हसलं. मग गप्प झालं. जंगली बोलला होता. कुंवरला मला बोटभरही उचलता आलं नाही. मी दोरांमधून खाली उतरलो आणि पुन्हा कधीच रिंगमध्ये गेलो नाही.

ही गोष्ट आमच्या लोकांत पसरली. दर एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमात मला मंचावर बोलावतात. मी पॉलिशची डबी सांगतो, बाईचं बोलणं सांगतो, मग ‘दम है तो उठा’. माणसं उभी राहून टाळ्या वाजवतात. गळ्यात हार पडतात. सुदामचं नाव मी एकदाही घेतलं नाही. त्याचं नाव घेतलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

रिंगमध्ये उभं राहणं सोपं होतं. समोर माझा शत्रू होता. उभं राहायला हवं होतं चौकीत. तिथे मी उडालो. आणि ती उडी माहीत नसल्यानं लोक मला इतकी वर्षं विद्रोही म्हणत आलेत.

कुसुम वारली. प्रज्ञा आता सरकारी नोकरीत आहे. गेल्या महिन्यात मी तिच्याकडे जेवायला गेलो होतो. तिचा मुलगा कॉलेजात जातो. मित्रांसोबत बिअर प्यायला म्हणून ती त्याला स्वयंपाकघरातूनच झापत होती. “ह्या घरातला एक माणूस दारूनं नेलाय. तुझ्या आजोबांचा फोटो मी भिंतीवर का लावत नाही, माहितीये ना? चिढ आहे मला त्या माणसाची.”

मी हातातला घास ताटात ठेवला. मी म्हणालो, “प्रज्ञा, तो प्यायला नव्हता. मी खोटं बोललो होतो.” आणि सगळं सांगितलं.

तिनं गॅस बंद केला.

“आईला माहीत होतं?”

“नाही.”

“आई मरेपर्यंत त्यांना शिव्या देत होती, काका. शपथ मोडली म्हणून. शेवटच्या आजारातसुद्धा.”

मी हात जोडले. ती म्हणाली, “माझ्याकडे नको. माफी वगैरे बिल्कुल नको मला. दर वर्षी समोर बसून टाळ्या वाजवल्यात मी तुमच्यासाठी. जिथे खोटं बोललात तिथे जाऊन बोला.”

तिनं मला दारापर्यंत सोडलं नाही.

एप्रिलचं बोलावणं आलंय. प्रज्ञा येणार नाही म्हणाली. मी जाणार. कुंवरची आता गुडगावात जिम आहे, तो म्हातारा झालाय, जिवंत आहे. त्याचं खरं नाव घेणार. ठेकेदाराचं घेणार. मग माझं. हार घालू देणार नाही.

त्याआधी फरीदाबादच्या त्या चौकीत जाणार. जबाब बदलायचाय म्हणून सांगणार. हसतील. जुनं आहे म्हणतील, कागद नाहीत म्हणतील, बाबा घरी जा म्हणतील. सुदामचं नाव, बापाचं नाव, आणि त्या दिवशी तो शुद्धीत होता हे लिहून घेईपर्यंत मी त्यांच्या बाकावरून उठणार नाही.