खातेदार नसलेले खाते

ते प्रकरण मला आजही आकड्यांसकट आठवते. अठरा हजार चारशे साठ रुपये. पुढे नोकरीत याहून मोठ्या रकमांचे गुन्हे तपासले, पण त्यांतले आकडे आता कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाहीत.

राज्यांची पुनर्रचना झाल्यावर माझी बेळगावहून बंगळूरला बदली झाली. साठ सालाच्या आसपास मी बसवनगुडी भागातल्या एका ठाण्यावर सब-इन्स्पेक्टर होतो. जुलैतल्या एका सोमवारी, हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी वाचत असताना पन्नाशीचे एक गृहस्थ छत्री मिटत आत आले. जवळच्याच एका लहान बँकेत ते रोखपाल होते. मूळचे निपाणीकडचे, त्यामुळे मला पाहताच मराठीत सुरू झाले.

"साहेब, माझं नाव कुठं येता कामा नये."

"आधी काम सांगा. नावाचं मग बघू."

"आमच्या बँकेत एक नवं खातं उघडलंय. त्याला खातेदारच नाही! सही नाही, पत्ता नाही. तीस जूनला त्यात अठरा हजार चारशे साठ जमा, आणि एक जुलैला सगळं साफ. शिल्लक शून्य."

"काढले कुणी?"

"तेच तर! सत्तावीस वर्षं खिडकीवर बसतोय मी. माझ्या खिडकीतून एक नोट गेली नाही. मग गेले कुठून?"

हे वाक्य मी वहीत टिपून घेतले आणि त्यानंतर दोन दिवस ते वाचलेच नाही. त्याची लाज अजून वाटते.

खात्यातल्या नोंदी मुख्य हिशेबनीस राव यांच्या अक्षरात होत्या. त्याच सुमारास बँकेने भागधारकांना जूनअखेरचे सहामाही पत्रक छापून पाठवले होते. त्यात नफा चव्वेचाळीस हजार नऊशे, आणि शेजारच्या रकान्यात गेल्या जूनचा एकसष्ट हजार दोनशे. भागधारक खवळले. संचालकांनी हिशेबनिसाला घरी बसवले आणि शनिवारी बैठक ठेवली. अध्यक्षांनी मला सरळ सांगितले, "तुम्ही गुन्हा नोंदवलात तर आम्ही त्यांना बडतर्फ करणार." हिशेबनिसांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. बडतर्फ झाले असते तर चौतीस वर्षांच्या नोकरीची सगळी पुंजी गेली असती. माझ्या हातात सहा दिवस होते.

मंगळवारी त्यांना जबाबासाठी बोलावले. गळ्यापर्यंत बटणे लावलेला कोट, खिशात स्वतःचे पेन. मला फोन आला म्हणून त्यांना टेबलाशी बसवून ठेवले, तेवढ्यात त्यांनी समोर उघडी असलेली मुद्देमालाची नोंदवही उलटीकडून वाचून काढली.

"साहेब, ह्या पानाची बेरीज चुकलीय. अकरा सायकली लिहिल्यात. आठच होतात."

आमचे रायटर, म्हणजे ठाण्याचे लेखनिक, कन्नड हवालदार होते. ते दुखावले. "स्वल्प थांबा," म्हणत मागच्या अंगणात जाऊन सायकली मोजून आले आणि आकडा दुरुस्त केला. मी मनात नोंद केली. ठाण्यात आणलेला दोषी माणूस स्वतःच्या सुटकेखेरीज कशाकडे पाहत नाही. हे पाहत होते. पण असा अंदाज कोर्टात चालत नाही.

"अठरा हजार कुठं आहेत, राव?"

"ते पैसे नव्हेत, साहेब. ते अनर्जित व्याज."

"म्हणजे?"

"म्हणजे मिळालंय, पण कमावलेलं नाही."

"मिळालंय तर दाखवा."

"दाखवता कसं येईल? ती जमाखर्ची नोंद आहे."

असे दीड तास चालले. शेवटी रायटरांनी लेखणी खाली ठेवली. "सर, मी काय लिहू? मिळालं म्हणून लिहू, की नाही म्हणून?"

बुधवारी दोन पंच घेऊन बँकेत गेलो. तिजोरीला दोन किल्ल्या, दोघांकडे. ३० जून, १ जुलै आणि त्या दिवशीची रोकड रोजकिर्दीशी ताडून पाहिली. एका रुपयाचाही फरक नाही. ठाण्यावर परतून मी रोखपालांची माहिती पुन्हा वाचली, तेव्हा डोके चालले. खिडकीतून नोट गेली नाही, तिजोरीतून गेली नाही, धनादेश फाटला नाही. म्हणजे पैसे गेलेच नव्हते. ज्या वाक्याने संशय आणला तेच वाक्य हिशेबनिसाच्या बाजूचा सर्वांत पक्का पुरावा होते. रोखपालांचीही चूक म्हणवत नाही. जन्मभर नोटा मोजणाऱ्याला नोट न हलता रक्कम हलते हे पटणार कसे?

पण मग ती नोंद कशाची? आणि नफा कुठे गेला? गुरुवारी सकाळी मी हिशेबनिसांच्या घरी गेलो. त्यांचे मराठी घराणे तीन पिढ्यांपासून बंगळूरचे. ते पुन्हा 'अनर्जित'पासून सुरू झाले, तशा त्यांच्या पत्नी कॉफी घेऊन बाहेर आल्या.

"अण्णा, ह्यांचं ऐकत बसलात तर पेन्शनीत निघाल तुम्ही," त्या मला म्हणाल्या. "आमच्या वरच्या खोलीतला भाडेकरू तीन महिन्यांचं भाडं एकदम देतो. म्हणून मी ते सगळं ह्याच महिन्याचं धरते काय? दोन महिन्यांचं बाजूला काढते. महिना लागला की त्यातलं त्या महिन्याचं घेते. ह्यांनी तेच केलंय."

हिशेबनीस त्यांच्याकडे पाहतच राहिले. "सरी, बरोबर आहे. मला इतक्या थोडक्यात नाही जमलं कधी."

मग उलगडले. व्यापाऱ्याची हुंडी वटवताना बँक व्याज आधीच कापून घेते. एक जूनला नव्वद दिवसांच्या हुंडीवर नऊशे रुपये कापले, तर जूनच्या तीस दिवसांचे तीनशेच. उरलेले सहाशे पुढच्या सहामाहीचे. आजवर बँक सगळे नऊशे जूनमध्येच नफ्यात धरत असे. या वर्षीपासून हिशेबतपासनिसांनी नवी पद्धत लावली होती: पुढचे व्याज तीस जूनला वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि नवी सहामाही लागली की तिच्या उत्पन्नात घ्यायचे. असे सगळ्या हुंड्यांचे मिळून अठरा हजार चारशे साठ झाले होते.

मी कागद घेतला. चव्वेचाळीस हजार नऊशेत अठरा हजार चारशे साठ मिळवले. त्रेसष्ट हजार तीनशे साठ. जुन्या पद्धतीने मोजले तर नफा गेल्या जूनपेक्षा दोन हजार एकशे साठांनी वाढलेला! पत्रकात एक रकाना नव्या मापाने मोजलेला होता, शेजारचा जुन्या.

"हे पत्रकात लिहायचं नाही का, राव?"

"लिहिलं होतं, साहेब. खाली बारा ओळी."

"मग गेल्या कुठं?"

त्यांनी कॉफीचा पेला उचलला. पत्नीच बोलल्या, "बँकेतल्या साहेबांचं नाव सांगणार नाहीत ते. वरच्यांची तक्रार करायची नाही म्हणे. नोकरी गेली तरी चालेल!"

शुक्रवारी मी छापखान्यात गेलो. छापखानेवाले कुठलाही कागद टाकत नाहीत, हा माझा अनुभव. पत्रकाचे कच्चे मुद्रित दहा मिनिटांत सापडले. बारा ओळींवर लाल पेन्सिलीची फुली आणि खाली बँकेच्या मॅनेजरांची आद्याक्षरे. तो कागद रीतसर ताब्यात घेऊन मी मॅनेजरांच्या टेबलावर ठेवला.

"पत्रक एका पानात बसत नव्हतं हो," ते म्हणाले. "आणि तळटीप कोण वाचतं?"

"भागधारकांनी वाचली असती. मलाही हे चार दिवस लागले नसते."

"मला वाटलं, बैठकीत आपोआप निवळेल."

"एका माणसाला घरी बसवून?"

त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. मात्र शनिवारी, माझा अहवाल वाचायच्या आधी, त्यांनी उभे राहून फुली आपली असल्याचे सांगितले. एवढे श्रेय त्यांना द्यायला हवे. संचालकांनी हिशेबनिसांची माफी मागितली, बारा ओळींसह पत्रक पुन्हा छापले आणि सोमवारपासून त्यांना कामावर बोलावले.

जाताना मी हिशेबनिसांना विचारले, "कुणी कळवलं, अंदाज आहे?"

"नाव नका सांगू," ते हसले. "ज्यानं कळवलं त्याला बँकेची काळजी होती. नवी पद्धत त्याला समजावून सांगायचं काम माझं होतं. ते राहिलं."

त्यांनी सोमवारी बँक बंद झाल्यावर सगळ्या कर्मचाऱ्यांना बसवून शिकवणी घेतली. सर्वांत जास्त प्रश्न रोखपालांनी विचारले, असे नंतर कळले. उदाहरण अर्थातच भाडेकरूचे दिले होते.

दोन आकडे शेजारी ठेवून कुणी "बघा, घटलं" म्हणाले की तेव्हापासून मी आधी विचारतो, दोन्ही एकाच मापाने मोजलेत का? आणि जो माणूस नीट समजावू शकत नाही तो लपवतोच आहे, असे धरून चालत नाही. त्या वर्षीच्या आमच्या ठाण्याच्या अहवालात या तपासाला एकही ओळ नाही, कारण गुन्हाच नोंदला गेला नाही. नोंदलेले किती, उघडकीस आलेले किती, शिक्षा किती, एवढेच रकाने असतात. न नोंदवलेल्या गुन्ह्याला रकाना नसतो. पण माझ्या नोकरीची बेरीज मी स्वतः करतो, तेव्हा ते चार दिवस सर्वांत वर लिहितो.