मुंबईला जाताना दोन गाठोडी

भाकरीच्या केंद्रातल्या बाईनं दारात कितीही पदर झटकला तरी घरी गेल्यावर थोडं पीठ सांडतंच. किस्स्यांचंही तसंच. चार चुली, चौघी बायका, वीस-बावीस वर्षं! हात कामात आणि तोंड रिकामं, मग दुसरं काय होणार? एक सांगायला घ्यावा तर दुसरा त्याला चिकटून बाहेर येतो. मला अक्षर येत नाही. मी सांगते, नात लिहिते, आणि दर दोन वाक्यांनी "आजी, हळू!" म्हणून ओरडते.

हुबळीत लॅमिंग्टन रोडच्या मागे एका गल्लीत आमचं केंद्र. जोंधळ्याच्या भाकरी करतो. मऊ, त्या त्याच दिवशी खायच्या. आणि कडक, पापडासारख्या, महिनाभर टिकणाऱ्या. इथली कानडी माणसं त्यांना खडक रोट्टी म्हणतात. पहिल्या चुलीवर मी, कमळा. शेजारी शांता, जिचं तोंड चुलीपेक्षा गरम. तिच्या पलीकडे हौसा, जिला झुरळापासून पोलिसापर्यंत सगळ्यांची भीती. आणि भिंतीकडे रुक्मी.

हे सगळे किस्से तसे रुक्मीचेच.

*

शाळेत आमच्यापैकी कुणीच गेलेलं नाही. पण रुक्मीची मोजणी! भाकरी कधी उरली नाही, कधी कमी पडली नाही.

रायापूरच्या एका लग्नाची ऑर्डर होती. मुलीचा बाप स्वतः आला. "पाचशे माणूस आहे अक्का, कमी पडता कामा नये."

रुक्मी थापता थापता म्हणाली, "लग्न कुठल्या वारी?"

"बुधवारी."

"मुलाकडचे कुठले?"

"बेळगावचे."

"तुमचं आणि तुमच्या भावाचं बोलणं आहे का?"

बाप हळूच म्हणाला, "नाही."

"मग चारशे," रुक्मी म्हणाली.

तो माणूस चिडला. पाचशेचीच ऑर्डर देऊन गेला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी भाकरीची बुट्टी परत द्यायला आला, तर तळाशी शंभर भाकरी तशाच! तो काही बोलायच्या आत शांता म्हणाली, "भावाकडे पाठवा. तेवढ्या निमित्तानं बोलणं तरी होईल!"

*

प्रवासाच्या भाकरीची रुक्मीची एक रीत होती. दोन गाठोडी. पांढऱ्या फडक्यात जातानाची, लाल चौकड्याच्या फडक्यात येतानाची. माणशी चार जाताना, माणशी चार येताना. जातानाच्या गाठोड्याला येताना हात लावायचा नाही, आणि येतानाच्याला जाताना.

शांताचा भाऊ, वहिनी आणि नव्यानं लग्न झालेली त्यांची मुलगी सोलापूरला निघणार होते. गाठोडी घेऊन घरी गेल्यावर भावाचा फोन. "अगं शांते, तुमच्या रुक्मीचं वय झालं. जातानाच्या बारा आहेत, येतानाच्या आठच! तिघांना आठ कशा पुरतील?"

शांतानं फोन रुक्मीच्या कानाला लावला.

"अण्णा," रुक्मी म्हणाली, "पोरीला सासरी पोचवायला चाललाय ना? का परत घेऊन येणार?"

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. वहिनी नंतर सांगायची, नवऱ्याला पोरीचं सासरी जाणं मांडवात कळलं नाही, गाठोड्याशी कळलं!

*

सप्तापूरला एक रिटायर्ड प्रोफेसर वारले. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारणीनं भाकरी सांगितल्या. दहा माणसं, वीस भाकरी. रुक्मीनं बावीस बांधल्या.

"दोन कुणाला?" शांता म्हणाली. "गेलेल्याला?"

"राहिलेल्याला," रुक्मी म्हणाली. "रडलं की भूक लागते. आणि त्या घरात मागून खायची लाज वाटते."

दोन दिवसांनी शेजारीण आली. म्हणाली, प्रोफेसरांचा मोठा मुलगा, चांगला बँकेत साहेब, दाराआड उभा राहून कोरड्या दोन भाकरी खात होता. डोळ्यांतून पाणी आणि तोंडात घास!

"तुला कसं कळतं गं हे?" मी रुक्मीला विचारलं.

"माझा विलास. बाप गेला तेव्हा त्याचं असंच," ती म्हणाली.

तेव्हापासून केंद्राचा नियमच झाला. मयताच्या घरची ऑर्डर, मोजून दोन जास्त.

*

विलास म्हणजे रुक्मीचा एकुलता एक. धारवाडला एका ऑफिसात क्लार्क आहे, राहतो आईजवळच. त्याचा बाप छातीत दुखतंय म्हणून नव्या चपला घालून स्वतःच्या पायानं दवाखान्यात गेला होता. रुक्मी तिसऱ्या दिवशी त्या चपला पिशवीत घालून परत आली. चपलांना अजून नीट धूळसुद्धा लागली नव्हती.

त्या दिवशी तिनं जे ठरवलं ते ठरवलं. दवाखान्याची पायरी चढायची नाही. ताप आला, काढा प्याली. पाय मुरगळला, हळद लावली. एकदा हाताला मोठं भाजलं तेव्हा हौसा रडून रडून डॉक्टरकडे चल म्हणत होती. रुक्मी म्हणाली, "तूच जा. तुझीच तब्येत बिघडलीय!"

पण गेल्या वर्षी आम्हाला दिसायला लागलं. आधी ती भाकरी ताकात कुस्करून खायला लागली. मग नुसतं ताक. आयुष्यभर भाकरी थापलेली बाई, तिच्या घशाखाली भाकरी उतरेना! शांता तिला चिडवायची, "काय गं, स्वतःच्या हातची आवडेना झाली होय?" एके दिवशी शांतानं चिडवणं बंद केलं. तेव्हा मला खरी भीती वाटली.

विलासनं देवाची शपथ घालून तिला एकदाच धारवाडच्या डॉक्टरकडे नेलं. "आमच्या ओळखीचे आहेत, नुसतं बघतील" म्हणून. आईला सांगितलं, घशाला सूज आहे. आणि दुसऱ्या दिवशी रुक्मी बाजारात गेल्याचं बघून केंद्रात आला आणि आम्हा तिघींसमोर मटकन खाली बसला.

"मावशी, मुंबईला न्यायला सांगितलंय. मोठ्या हॉस्पिटलात. लगेच. खरं सांगितलं तर ती हुबळीच्या बाहेर पाय ठेवणार नाही."

बोलता बोलता रडायला लागला. पन्नाशीला आलेला गडी! मी गरम भाकरी त्याच्या हातात दिली. रडत रडत दोन खाल्ल्या त्यानं.

*

मुंबईच्या सहलीची आयडिया शांताची. तिला विचार करायला वेळ लागतच नाही. रुक्मी बाजारातून येऊन बसते न बसते तोच ही म्हणाली, "रुक्मे, आपण मुंबई बघायला जायचं. या शनिवार-रविवारी. विलास नेतोय!"

रुक्मीनं आम्हा तिघींकडे एकेक करून बघितलं.

"एकदम मुंबई?"

"मरायच्या आधी समुद्र तरी बघू की," शांता बोलून गेली आणि जीभ चावली.

हौसाच्या हातातली भाकरी तव्याबाहेर पडली.

रुक्मी शांतपणे म्हणाली, "खारं पाणी बघायला मुंबई कशाला? तुझं सांबार आहे की!"

आम्ही इतक्या हसलो, इतक्या हसलो, की डोळ्यांत आलेलं पाणी कशाचं ते कुणाला कुणाला विचारावं लागलं नाही.

*

प्लॅन करायला विलास वही घेऊन आला. गेटवे लिहिलं. चौपाटी लिहिली. राणीची बाग लिहिली. हौसाला सिनेमातल्या हिरोचा बंगला बघायचा होता. "आत नको गं, बाहेरूनच," म्हणाली, "कुत्रं असलं तर?" मला समुद्रात पाय बुडवायचे होते. शांताला बोटीत बसायचं होतं. बोलता बोलता आम्ही तिघी कशासाठी चाललोय तेच विसरलो. खरंच सांगते, दहा मिनिटं आम्ही खरोखरीच सहलीला निघालो होतो. मला नंतर फार लाज वाटली.

"शनिवारी हे, रविवारी ते," रुक्मी म्हणाली. "सोमवारी काय बघायचं?"

विलासचं पेन थांबलं. हॉस्पिटलातली वेळ सोमवारचीच होती.

"सोमवारी... आराम," तो म्हणाला.

"परतीचं तिकीट कधीचं काढलंस?"

"वेटिंग आहे आई. तिकडे गेल्यावर बघू."

"बरं," रुक्मी म्हणाली. "बघू." आणि परात पुढं ओढून पीठ मळायला लागली.

बाहेर आल्यावर शांता माझ्या कानात म्हणाली, "बघ, तिला काही कळलं नाही!"

*

आता हौसाची करामत ऐका.

धारवाडच्या डॉक्टरचे कागद, तो काळा फोटो, सगळं एका मोठ्या पाकिटात होतं. ते विलासनं घरी ठेवलं तर आईच्या हाती लागणार. म्हणून त्यानं हौसाकडे दिलं. हौसाला वाटलं, आपल्या घरी ठेवलं तर सून विचारेल. सुनेची भीती! म्हणून तिनं पाकीट केंद्रात लपवलं. कुठं? तर जोंधळ्याच्या पिठाच्या मोठ्या डब्यात, अगदी खाली!

बावीस वर्षं रोज सकाळी त्या डब्यातून पीठ कोण काढतं? रुक्मी!

सकाळी आम्ही आत येतो तर रुक्मी खिडकीपाशी उभी. पाकीट फोडलेलं, काळा फोटो उजेडात धरलेला, हाताला कोपरापर्यंत पीठ. हौसा दारातच खाली बसली.

रुक्मीनं फोटो उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला.

"हौसे," ती म्हणाली, "तुझ्या नातवाचा फोटो फारच काळा आलाय गं!"

"हो," हौसा म्हणाली. दुसरं काय म्हणणार? "हो, तो... तो उन्हात खेळतो ना!"

रुक्मीनं पदरानं फोटोवरचं पीठ पुसलं. नीट, कोपरे न दुमडता पाकिटात घातलं आणि हौसाच्या मांडीवर ठेवलं. "जपून ने. मुंबईत कुणाला दाखवायचा असेल."

मग पीठ चाळायला बसली. त्या दिवशी तिनं दोनदा चाळलं.

आम्ही तिघींनी मागं जाऊन कुजबूज केली. तिला वाचता येत नाही. तो फोटो कसला असतो हे तिला कुठं माहीत? तिला खरंच नातवाचा वाटला असेल. असंच असेल, असं आम्ही एकमेकींना तीन वेळा सांगितलं.

*

तयारी मात्र जोरात चालली. दुर्गदबैलच्या बाजारात जाऊन चौघींनी चपला घेतल्या, समुद्रावर चालायला रबरी. शांता दुकानदाराशी कानडीत भांडली, मराठीत भांडली, आणि मुंबईला चाललोय हे त्याला चार वेळा सांगितलं.

रुक्मीनं चपला घालून दुकानातच चार पावलं टाकून बघितली. मग काढून मला म्हणाली, "कमळे, तुझा-माझा पाय एकाच मापाचा ना गं?"

"हो. का?"

"काही नाही. बरं झालं."

मी तेव्हा म्हटलं, चपला अदलाबदल होतील म्हणून विचारत असेल.

*

शुक्रवार उजाडला. गाडी दुपारची होती. आम्ही म्हटलं, रुक्मे, आज तू बस, भाकरी आम्ही करतो. ऐकेना. "प्रवासाच्या भाकरी मी कधी दुसरीला करू दिल्यात?" मधेच दम लागला की भिंतीला टेकायची, घोटभर ताक प्यायची, पुन्हा थापायची. तव्यावरून उतरवलेली प्रत्येक भाकरी ती हाताच्या तळव्यावर घेऊन वाजवून बघायची. सोबत शेंगाचटणीचा डबा भरला. शांतासाठी मिरचीचा ठेचा वेगळा, हौसासाठी बिनतिखटाचं वेगळं. विलाससाठी गुळाची ढेप.

मग दोन फडकी अंथरली. पांढरं आणि लाल चौकड्याचं.

जाणार आम्ही पाच जण. आम्ही चौघी आणि विलास. तो दारात बॅगा घेऊन उभा होता, रिक्षा बघत. पांढऱ्या फडक्यातल्या मी मोजल्या. वीस. माणशी चार, बरोबर. गाठ मारली.

मग लाल फडक्यातल्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. अठरा.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा! शांताला तर आनंदच झाला. "चुकली! चुकली! अगं बाई, रुक्मीची मोजणी चुकली! पाच जणांना वीस नकोत? आता येताना उपाशी कोण राहणार, तूच ना?"

मीही हसले. म्हटलं, "रुक्मे, दोन कमी पडल्यात गं. पीठ आहे, आणखी दोन थापते."

रुक्मीनं हातांवरचं पीठ झटकलं. लाल फडकं माझ्या हातातून स्वतःकडे ओढून घेतलं आणि चारी टोकं जुळवून पक्की गाठ मारली. मग दारात पाठमोऱ्या उभ्या असलेल्या विलासकडे बघत, त्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली,

"दोन कमी नाहीत, कमळे. दोन जास्त आहेत."