थरथरणारा बाण

आमच्या घरातला संगणक कारखान्याने मोडीत काढलेला होता. बेंगळुरूच्या यशवंतपूरला मी ज्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचो, तिथे नवी यंत्रं आली आणि जुनी आम्हा कर्मचाऱ्यांना मिळाली. त्यावर डॉस होतं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, सगळं काम कीबोर्डवर. माउस नव्हताच.

बायको त्यावर कॉलेजच्या मुलांचे प्रबंध टाइप करून द्यायची. लग्न होऊन ती नागपूरहून बेंगळुरूला आली तेव्हा तिला इथली भाषा येत नव्हती आणि नोकरी मिळत नव्हती. टायपिंग मात्र पक्कं होतं. त्या कामाने तिला गल्लीत ओळख दिली. पत्ता विचारत येणारी मुलं माझं नाव घेत नसत. ‘टायपिंगच्या मॅडम’ कुठे राहतात, असं विचारत.

मग एक विद्यार्थिनी आली. तिच्या मार्गदर्शकांना प्रबंध विंडोजवर केलेला हवा होता, फ्लॉपीसकट. बायकोने काम घेतलं, पण मी यंत्रावर विंडोज घालायची गोष्ट काढली तेव्हा म्हणाली, “आहे ते चालतंय ना? कशाला हात लावायचा?”

“चालणार नाही. तिला नव्यातच हवंय.”

“बघा मग,” ती म्हणाली.

मी माझ्या पद्धतीने तयारी केली. मेमरी चार एमबी होती, ती आठ केली. डिस्कवर जागा पुरेना म्हणून काय काय काढता येईल ते तपासलं. तिची जुनी कामं फ्लॉप्यांवर उतरवली आणि प्रत्येक फ्लॉपी परत घालून फाइल उघडते का ते पाहिलं. मोजण्यासारखं जे जे होतं ते सगळं मी मोजलं.

रविवारी सकाळी विंडोज घालायला बसलो. यंत्र मागेल त्या क्रमांकाची फ्लॉपी द्यायची आणि वाट पाहायची. एक अडली, पुसून परत घातली, चालली. जेवणं झाल्यावर पडद्यावर ढगांचं आभाळ आलं आणि मागोमाग नवा पडदा उघडला.

घरमालकीणबाई वरच्या मजल्यावरून बघायला आल्या. त्या मराठीच, पण त्यांचं घराणं इतक्या पिढ्या या गावात आहे की बोलण्यात निम्मं कानडी असायचं. आम्ही त्यांना अक्का म्हणायचो, त्या मला अण्णा.

“काय गं, हे शेपटीचं काय आणलंय?”

“माउस, अक्का. म्हणजे उंदीर.”

“घ्या. मी उंदरांसाठी मांजर पाळते, आणि आमचे अण्णा विकत आणतात. चालव बघू स्वल्प.”

बायको हसत खुर्चीवर बसली आणि तिने माउसवर हात ठेवला. पडद्यावरचा बाण थरथरायला लागला. कुठे जात नव्हता. वजन टाकल्यावर तराजूचा काटा हलतो तसा जागच्या जागी हलत होता, आणि स्थिर होत नव्हता.

“सैल धर,” मी म्हणालो.

तिने सैल धरला. बाण तसाच.

“माउस खराब आहे,” ती म्हणाली.

मी माउस उलटा केला, आतली गोळी काढून पुसली, वायर काढून परत बसवली, खाली जाड पुठ्ठा ठेवला. माझ्या हातात बाण सरळ चालला. तिच्याकडे दिला की थरथर. परत माझ्याकडे घेतला, सरळ. मी पुन्हा गोळी काढायला लागलो. यंत्रात दोष असला तर तो हात पाहून येत नाही, हे स्टोअरमध्ये इतकी वर्षं काढलेल्या माणसाला कळायला हवं होतं. कळत होतंही. तरी मी पुसत राहिलो.

अक्का हळूच म्हणाल्या, “अण्णा, मशीन सरी आहे हो, बरोबर आहे. ठेवा ते.”

मी ठेवलं. बायकोने उजवा हात मांडीवर घेऊन त्यावर डावा ठेवला होता.

“कधीपासून?” मी विचारलं.

“दिवाळीपासून. टाइप करताना कळत नाही. मनगट टेकलं की गप बसतो.”

“आणि मला सांगितलं नाहीस.”

“तुम्ही काम बंद करायला लावलं असतं.”

खरं होतं. लावलं असतं. अक्का म्हणाल्या, “दारातली रांगोळी इतके दिवस मीच घालते, खालची पण. तुम्हाला काय दिसणार? तुम्ही त्यावरून सायकल काढता.” मग मला चहाचं आठवलं. बरेच दिवस कप पाऊण भरून येत होता. ते माझ्या लक्षात आलं होतं. दूध वाचवते आहे, असा मी अर्थ लावला होता.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला. या वयात कमी होतो, पण होतो. बरा होणार नाही, गोळीने काही वर्षं आटोक्यात राहील. मी किती वर्षं ते विचारलं. त्यांनी आकडा दिला नाही.

घरी आल्यावर ती म्हणाली, “प्रबंध परत करायचा नाही.” मी बरं म्हणालो. नव्या पडद्यावर मेनूच्या प्रत्येक शब्दातल्या एका अक्षराखाली रेघ असते. ते अक्षर कीबोर्डवर दाबलं की काम होतं, माउस लागत नाही. हे मी शोधून काढलं आणि तिने माझ्याआधी पाठ केलं. मी माउस काढून ठेवायला निघालो, तर तिने थांबवलं.

“असू द्या. मला लागतो.”

सकाळची गोळी घेतली की ती संगणक लावायची, माउसवर हात ठेवायची आणि बाणाकडे बघत बसायची. तो हलत असेतो कामाला लागायची नाही. शांत झाला की माउस बाजूला सारून दोन्ही हात कीबोर्डवर. प्रबंध असाच पुरा झाला, वेळेत. त्यानंतर तिने आणखी दोन घेतले. तिसऱ्याला तिने स्वतःच नाही म्हटलं. त्या आठवड्यात बाण दुपारपर्यंत थांबत नव्हता.

तोवर मात्र पुष्कळ सकाळी आतून हाक यायची, “अहो, थांबला.” मग मी चहा ठेवायचो. दोघांचेही कप पाऊणच भरायचो.