नाक्यावर सील फुटलं

ऊर्जानगरहून निघाले तेव्हा कंपनीच्या बसची वाट पाहणारी रांग माझ्याकडे नाही, गाडीकडे बघत होती. लाल रंगाची, दोनच माणसं मावणारी, जमिनीला पोट घासेल इतकी बुटकी जुनी विलायती स्पोर्ट्‌स कार. एका निवृत्त इंजिनिअरच्या शेडमध्ये तिच्यात कोंबड्या राहत होत्या. मी ती आणून रविवारच्या रविवार खोलली आणि जोडली. माझ्या वडिलांचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं, त्यामुळे पोळपाटाच्या आधी हातात पाना आला. आता तिला पहिल्यांदाच लांब न्यायचं होतं. आलापल्लीला माझी थोरली बहीण राहते, तिच्याकडे.

गोंडपिंपरीपर्यंत रस्ता बरा होता. धान कापून झालं होतं आणि बांध्यांत (भाताच्या खाचरांत) पाखरं दाणे टिपत होती. आष्टीच्या आधी, वैनगंगेच्या अलीकडे चहाला थांबले. टपरीवाल्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि गंभीरपणे विचारलं, ही पुरी बनली नाही काय अजून? वर छतच नव्हतं ना. मी म्हटलं, बनते आहे. त्याने सहानुभूतीने चहात साखर जास्त घातली.

नदी ओलांडल्यावर रस्त्याचं काम चालू होतं. ओला मुरूम खालून फटाफटा उडत होता. ते संपलं आणि दोन्ही बाजूंनी सागवान सुरू झालं. उंच, सरळ खोडं, खाली परातीएवढ्या वाळक्या पानांचा थर. पुढे वनखात्याचा नाका दिसला. मी ब्रेक दाबला, तर गाडी थांबायच्या ऐवजी उजवीकडे ओढली गेली आणि नाक आडव्या बांबूखाली घालूनच उभी राहिली.

झोपडीतून नाकेदार आला. चाळिशीचा, सडपातळ, अंगात विटका खाकी शर्ट. नाव कोवे. काय झालं म्हणून त्याने विचारलं. डाव्या मागच्या चाकातून तेल ओघळत होतं. ते बघत मी म्हटलं, “मागचं सील फुटलं.”

बांबूची दोरी त्याने दोनदा बांधली आणि आत गेला. वायरलेसची खरखर ऐकू आली. मी जॅक लावत होते, तोवर तो परत आला.

“गाडीले हात लावू नका, बाई. साहेब येऊन राह्यले.”

“तेल गळतंय, त्याला साहेब काऊन (कशाला)?” मीही त्याच्याच बोलीत विचारलं.

“सील फुटलं म्हणाल्या ना तुमी?”

तेव्हा उलगडा झाला. या जंगलात सील एकच. डेपोतून लाकूड भरून निघालेल्या ट्रकला तारेने बांधतात ते. सील फुटलं म्हणजे वाटेत माल चढला किंवा उतरला. मागे असाच एक ट्रक कोवेच्या पाळीत निघून गेला होता आणि त्याला मेमो मिळाला होता. तो रोजंदारीवर होता. कायम करण्यासाठी त्याचं नाव नुकतंच वर गेलं होतं.

मी डिक्कीतून नवं सील काढून दाखवलं. काळ्या रबराची कडी, बांगडीएवढी. त्याने ती उलटसुलट बघितली आणि खाली बसला.

“साहेब जेवण सोडून निंगाले,” तो म्हणाला. “या कडीसाठी. आता काही मी कायम होत नाई.”

धीर देणं मला जमत नाही. मी त्याच्या हातात जॅकचा दांडा दिला. तो काम करू लागला, पण आधी डिक्की तपासली. ॲक्सलखाली द्यायला मी लाकडाचा एक ठोकळा आणला होता. तो त्याने हुंगला. सागवान आहे, म्हणाला, आणि याच्यावर हातोडा (खात्याची खूण) नाही. गॅरेजमधला जुना आहे, असं मी सांगितलं. तरी साहेबांना सांगावं लागेल, तो म्हणाला.

चाक काढलं, ड्रम काढला. आत सगळं तेलाने माखलेलं. ॲक्सलचा दांडा ओढून बाहेर घेतला तर रबर फुटलेलं आणि सांध्यातलं कागदाचं गॅस्केट फाटलेलं. पण खरं दुखणं वर होतं. ॲक्सलला हवा जाण्यासाठी एक बारीक भोक असतं, ते मुरमाने बुजलं होतं. आतली गरम हवा जाणार कुठे? तिने तेल ढकललं. भोक मी बांबूच्या काडीने मोकळं केलं. राहिलं गॅस्केट. झोपडीच्या भिंतीवर वडशाच्या नाटक मंडळीचं जाड कागदाचं पोस्टर होतं, त्यावर नायिका आणि व्हिलन. मी कात्री घेऊन उठले.

“तिचं तोंड नका कापू, बाई,” कोवे घाईने म्हणाला. “व्हिलनचं कापा.”

व्हिलन ॲक्सलमध्ये बसला. ब्रेकचे पट्टे पेट्रोलने धुऊन उन्हात ठेवले आणि कोवेच्या डब्यातली वांग्याची भाजी खाल्ली. वर भरपूर सांबार (कोथिंबीर) होता. तो स्वतः जेवला नाही. मोटारसायकलच्या आवाजाकडे कान लावून बसला होता.

साहेब आले ते चिडूनच. कडी बघून आणखी चिडले. रबरासाठी वायरलेस वापरतोस का, असं त्यांनी त्याला विचारलं. कोवे मान खाली घालून उभा होता, तरी त्याने ठोकळ्याचं सांगून टाकलंच.

साहेबांनी ॲक्सलखाली वाकून पाहिलं. “मॅडम, इथून सगळे सागवान बाहेर नेतात. तुम्ही आलापल्लीला सागवान नेताय?”

“जॅक घसरतो म्हणून,” मी म्हटलं. “आणि सील फुटलं हे शब्द माझेच. त्यांनी ऐकलं तेच कळवलं. अडवलं नसतं तर पुढच्या उतारावर मला ब्रेक नव्हता.”

साहेबांनी उन्हात ठेवलेला एक पट्टा उचलून पाहिला. मग कोवेला म्हणाले, “आधी विचारत जा, कायचं सील.”

“विचारलं असतं, साहेब, तं ट्रकवालाबी कडीचंच म्हणाला असता.”

साहेब ठोकळा राहू द्या म्हणाले. मोटारसायकलला किक मारून ते गेले.

बहिणीकडे दोन रात्री राहिले, पाहुणचार झाला, आलापल्लीचं जुनं सागवान मान वर करकरून पाहिलं. परतताना नाक्यावर कोवेच होता. साहेब नंतर काही म्हणाले का, मी विचारलं.

“नाई. काहीच नाई म्हणाले.” त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की ही चांगली बातमी आहे. “कायमचा कागद वरतीच आहे म्हंते. वापस नाई आला.”

मग त्याने मला खाली उतरवलं, डिक्की उघडायला लावली आणि बहिणीने दिलेली तांदळाची पिशवीसुद्धा दाबून बघितली. मला घरी पोचायची घाई होती, तरी उभी राहिले. ज्या माणसाची नोकरी बघण्यावर टिकते, त्याला नीट बघू द्यावं. मागच्या चाकाशी वाकून त्याने बोट फिरवलं आणि मला दाखवलं. कोरडं होतं.

मग त्याने बांबू वर केला.