लाल फेजवरच्या नऊ गाड्या

शालन मूळची पाटणकडची. मार्केटात माथाडी असलेल्या नवऱ्याचा मणका सरकला, तेव्हा चौतिसाव्या वर्षी तिनं वायरमनचा कोर्स केला. वर्गात ती एकटीच बाई होती. गेली बारा वर्षं घणसोलीतल्या एका सोसायटीची विजेची कामं ती बघते.

गेल्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरच्या शेवंताबाईंनी तिला बोलावलं. फुप्फुसं अधू झाल्यानं त्या ऑक्सिजनच्या मशीनवर असत.

"सांजच्याला मशीन बोंबलतं गो," त्या म्हणाल्या. "लाईट हाय, तरी बंद परतं."

मशीनमध्ये दोष नव्हता. शालननं सॉकेटला मीटर लावला. दुपारी दोनशे अठ्ठावीस व्होल्ट, रात्री आठला एकशे शहाऐंशी. आणि त्याच वेळी समोरच्या फ्लॅटात दोनशे एकावन्न.

ती खाली पार्किंगमध्ये गेली. नऊ इलेक्ट्रिक गाड्या चार्जिंगला होत्या. इमारतीला वीज तीन फेजमधून, म्हणजे तीन वेगळ्या तारांतून येते. भार तिन्हींवर वाटायचा असतो. पण चार्जर बसवणाऱ्या प्रत्येकानं हाताशी आलेल्या लाल फेजवरूनच वायर ओढली होती. शेवंताबाईंचं घरही त्याच फेजवर होतं. तिचे व्होल्ट पडत होते, बाकीच्या दोन्हींचे चढत होते. तिन्हींच्या सामायिक परतीच्या तारेचा, न्यूट्रलचा, जोड इतका तापला होता, की वरचं आवरण पिवळं पडलं होतं.

सेक्रेटरी राजवर्धन महापेला आयटी कंपनीत होता. शालननं त्याला दोनदा लिहून दिलं. "जुनी वायरिंग आहे, तुम्हीच काहीतरी करा ना," एवढंच तो म्हणाला.

सहाव्या दिवशी पुन्हा मशीन थांबलं. मशीन बंद पडलं की लावायचा शेवंताबाईंचा जोडीचा ऑक्सिजन सिलिंडरही संपत आला होता. शालन पार्किंगमध्ये उतरली आणि तिनं नऊच्या नऊ चार्जरचे स्विच पाडले.

दहा मिनिटांत राजवर्धन खाली आला. "कोणी बंद केलं? सकाळी मला पुण्याला जायचंय!"

"मी केलं."

"कोणाला विचारून?"

"विचारलं होतं. दोन येळा." तिनं मीटर पॅनलला लावला. आकडा दोनशे सव्वीस. "आता तुमची एकट्याची गाडी लावते. बगा."

गाडी लावली, आकडा जेमतेम हलला. मग तिनं एकेक करून बाकीचे स्विच चढवले. सातव्या गाडीला पार्किंगमधली ट्यूब फडफडली. राजवर्धननं स्वतःच हात पुढे करून सगळे स्विच पाडले.

"वर मशीन चालू झालं का, बघून येता?" तो म्हणाला.

झालं होतं.

परवानगीशिवाय वीज तोडली म्हणून कमिटीनं शालनला लेखी ताकीद दिली. तिनं सही केली. त्याच बैठकीत चार्जर तीन फेजवर वाटायचे, न्यूट्रलची तार जाड टाकायची आणि गाड्या पाळीनं लावायच्या, असंही ठरलं. ते काम तिनंच चार दिवसांत पुरं केलं. आता आठ वाजता शेवंताबाईंच्या घरी दोनशे अठरा व्होल्ट असतात. ताकीद मागे घ्यायचं कुणी बोललं नाही, आणि तिनंही विषय काढला नाही.