एक बोट उचललं तेव्हा

"आजी, हा कॉर्ड म्हणजे तुझेच सा, ग, प. फक्त एकदम वाजवायचे," असं म्हणत माझ्या नातीने, सईने, गिटार छेडली. मग तिने एकच बोट उचललं. गंधार शुद्धाचा कोमल झाला आणि हसरा सूर एकदम हळवा झाला. माझ्या अंगावर काटाच आला.

विशीत मी पेटीच्या दोन परीक्षा पास झालेली महापंडिता! धाकट्या शकूने तीन पट्ट्या एकदम दाबल्या, की तिच्या हातावर चापट मारायची. "एका वेळी एकच सूर, गाढवे!" गाढव कोण होतं, ते पन्नास वर्षांनी कळलं.

शकूला फोन लावला आणि सईला म्हटलं, "वाजव."

पलीकडून हळूच आवाज आला, "ताई, मी हेच तर शोधत होते गं."